निवाडा लवादाचा, प्रतीक्षा कामगाराची

पाचामुखी परमेश्वर, असे आपल्याकडे म्हणतात. वादी-प्रतिवादींनी आपण होऊन पंच नेमला असेल, तर त्याचा शब्द उभयतांनी शिरोधार्य मानावा आणि कोर्टाची पायरी चढू नये, हा त्या म्हणीमागचा व्यवहार. शेताच्या बांधाचा किंवा भागीदारीच्या हिशेबाचा तंटा असेल तर तो शहाणपणाचाही आहे. वाद नोकरीवरून काढून टाकल्याचा असेल तर मात्र तो जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण तेथे दोन पक्ष बरोबरीचे नसतात. एका पक्षाच्या लेखी तो हजेरीपटावरील एका नावाचा प्रश्न असतो. दुसऱ्याच्या घरी त्या दिवसापासून चुलीचा प्रश्न सुरू होतो. अशा वादात लवादाने दिलेला निवाडा न्यायालयाने तपासावा काय, तपासावा तर किती खोलवर, आणि तपासणी संपेपर्यंत कामगाराने खावे काय, या तीन प्रश्नांनी भारतीय कामगार कायद्याची गेली सत्तर वर्षे सोबत केली आहे. पहिल्या दोहोंची उत्तरे न्यायालयांनी बऱ्याच अंशी दिली. तिसऱ्याचे उत्तर संसदेने द्यावयाचे होते. ते अर्धेच दिले गेले.

हा विषय आता पुन्हा समोर येण्याचे कारण उघड आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाची जागा तिने घेतली. सप्टेंबर २०२० मध्ये ही संहिता संसदेत संमत झाली, तेव्हा विरोधी पक्षांनी कामकाजावर बहिष्कार टाकलेला होता. त्यामुळे कलमवार चिकित्सा सभागृहात अशी झालीच नाही. बाहेर जी चर्चा झाली, ती प्रामुख्याने एका आकड्याभोवती फिरली. कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या आस्थापनेला होते, ते आता ३०० वर गेले. हा आकडा महत्त्वाचा आहेच. परंतु ज्या एकट्या कामगाराला आरोप ठेवून घरी बसविले जाते, त्याच्या दृष्टीने न्याय देणारी यंत्रणा आणि तिच्यावर देखरेख करणारी उच्च न्यायालये यांचे नाते अधिक मोलाचे आहे. त्या नात्याचा इतिहास आपल्या संसदपटूंनी चाळला असता, तर संहितेतील दोन तरी कलमे वेगळ्या शब्दांत उतरली असती.

अपील गेले, लवाद आला

या इतिहासाचा आरंभ एका राजीनाम्यापासून करावा लागतो. १९५४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाबाबत कामगार अपील न्यायाधिकरणाने दिलेल्या निर्णयात केंद्र सरकारने स्वतःच्या अधिकारात फेरफार केले. तत्कालीन कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांना ते मान्य झाले नाही आणि त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे राष्ट्रपती झालेले हे गृहस्थ कामगार तंट्यांत न्यायालयीन निर्णयापेक्षा वाटाघाटी आणि स्वेच्छेचा लवाद यांना श्रेष्ठ मानणारे होते. राजीनाम्यानंतर उठलेले वादळ शमविण्यासाठी सरकारने बँक निवाडा आयोग नेमला. आधी न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्याकडे आणि त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्याकडे त्याचे काम आले. निवाड्यावर शेवटचा हात कोणाचा, सरकारचा की न्यायसंस्थेचा, हा प्रश्न स्वतंत्र भारताच्या राजकारणात असा अगदी आरंभीच उपस्थित झाला होता.

१९५६ मध्ये संसदेने औद्योगिक विवाद अधिनियमात मोठी दुरुस्ती केली. त्या एकाच दुरुस्तीने दोन गोष्टी साधल्या. कामगार अपील न्यायाधिकरण रद्द झाले आणि कलम १०-अ घालून स्वेच्छेच्या लवादाची सोय झाली. हेतू स्तुत्य होता. अपिलांच्या पायऱ्या कमी कराव्यात, मालक व कामगार संघटना यांनी लेखी कराराने आपला पंच निवडावा, आणि वाद तेथेच मिटवावा. अहमदाबादेत १९१८ च्या गिरणी संपानंतर आनंदशंकर ध्रुव यांच्या लवादाने पस्तीस टक्के वाढीचा निवाडा दिला होता. त्या परंपरेची देशभर लागवड करण्याचा हा प्रयत्न होता म्हणा ना. प्रसिद्ध झालेला निवाडा अंतिम राहील व कोणत्याही न्यायालयात त्यास कोणत्याही रीतीने आव्हान देता येणार नाही, असेही अधिनियमात होते.

तथापि, साध्या कायद्याने अपिलाचे दार बंद केले म्हणून राज्यघटनेचे दार बंद होत नाही. अनुच्छेद २२६ व २२७ खालील उच्च न्यायालयांचे अधिकार आणि अनुच्छेद १३६ खालील सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार संसदेच्या सामान्य कायद्याला जुमानत नाहीत. म्हणजे मधली पायरी काढून टाकली गेली आणि खालचा तंटा थेट सर्वांत वरच्या मजल्यावर जाऊ लागला. वेळ वाचविण्यासाठी केलेल्या दुरुस्तीचे हे फळ.

लवाद खासगी की सार्वजनिक

लवादाच्या निवाड्याला हे दार उघडे आहे काय, याचा पहिला मोठा निर्णय मुंबईच्या एका वादात लागला. १९६२ च्या 'इंजिनीयरिंग मजदूर सभा विरुद्ध हिंद सायकल्स' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की कलम १०-अ खालील लवाद हा अनुच्छेद १३६ च्या अर्थाने 'न्यायाधिकरण' नव्हे. राज्याची न्यायदानाची सत्ता त्याच्याकडे सोपविलेली नसते. ती त्याला दोन पक्षांच्या करारातून मिळते. म्हणून त्याच्या निवाड्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमतीने अपील करता येणार नाही. पण न्यायालय तेथेच थांबले नाही. हा लवाद निव्वळ खासगी पंचही नव्हे, हेही त्याने नमूद केले. लवादाचा करार राजपत्रात छापला जातो, निवाडा सरकारकडे जातो, प्रसिद्ध होतो, ठराविक दिवसांनी बंधनकारक होतो आणि तो मोडल्यास शिक्षा होते. असा अधिकार चालविणारा माणूस उच्च न्यायालयाच्या प्रादेशापलीकडे कसा असेल?

याचे उत्तर दालमियानगरच्या प्रकरणात पुरते स्पष्ट झाले. बिहारमधील रोहतास इंडस्ट्रीजमध्ये १९५७ मध्ये झालेला संप बेकायदा ठरवून लवादांनी कामगारांनीच कंपनीला नुकसानभरपाई द्यावी, असा निवाडा दिला होता. पाटणा उच्च न्यायालयाने तेवढा भाग रद्द केला. सत्तरच्या दशकाच्या मध्यास सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. बेकायदा संपासाठी अधिनियमाने सांगितलेला मार्ग दंडात्मक कारवाईचा आहे, भरपाईचा नाही. कायद्यात नसलेला दंड लवादाला निर्माण करता येत नाही. आणि अशी उघड कायदेशीर चूक उच्च न्यायालय दुरुस्त करू शकते, असा त्या निकालाचा आशय होता. न्यायालयीन तपासणी म्हणजे मालकाच्या हातातले दिरंगाईचे हत्यार, एवढीच समजूत असणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे. येथे तपासणी झाली म्हणून कामगार वाचले.

अहमदाबादची ८५३ पत्रे

लवाद, बडतर्फी आणि न्यायालय हे तिन्ही धागे एकाच ठिकाणी आले ते गुजरात स्टील ट्यूब्सच्या प्रकरणात. जानेवारी १९७३ मध्ये अहमदाबादजवळच्या या कारखान्यात संप झाला. व्यवस्थापनाने तो बेकायदा ठरवून ८५३ कामगारांना सेवामुक्तीची पत्रे दिली. पत्रांचा मजकूर वरवर निरुपद्रवी होता. स्थायी आदेशांनुसार नोटिशीचा पगार देऊन सेवा संपविण्यात येत आहे, एवढेच त्यात म्हटलेले. आरोपपत्र नाही, चौकशी नाही, कलंकाचा शब्द नाही. सेवामुक्तीची कारणे निराळ्या कागदावर नोंदविलेली होती आणि त्या कारणांत गैरवर्तनाचे आरोप होते. पुढे बरेच कामगार कामावर परतले, पण शेकडो बाहेर राहिले. त्यांचा वाद लवादाकडे गेला. लवादाने व्यवस्थापनाची कृती योग्य ठरविली. गुजरात उच्च न्यायालयाने निवाडा फिरविला आणि कामगारांना परत घेण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. १९ नोव्हेंबर १९७९ रोजी न्या. कृष्ण अय्यर व न्या. देसाई यांनी बहुमताने उच्च न्यायालयाचा निकाल काही फेरफारांसह कायम ठेवला, न्या. कोशल यांनी विरोधी निकालपत्र लिहिले.

या निकालाने तीन गोष्टी पक्क्या केल्या, आणि तिन्ही आजही कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी, की पत्राचा मजकूर पाहून सेवामुक्ती आणि बडतर्फी यांतला भेद ठरत नाही. शब्दांचा पडदा बाजूला सारून पाहावयाचे असते. कारणे गैरवर्तनाची असतील, तर ती शिक्षा आहे, मग पत्रात तिला काहीही नाव दिलेले असो. आणि शिक्षा असेल तर चौकशी आलीच.

दुसरी गोष्ट सामुदायिक शिक्षेची. संप बेकायदा असला तरी त्यात भाग घेणारा प्रत्येक जण सारखाच दोषी ठरत नाही. कोणी चिथावणी दिली, कोणी हिंसा केली, कोण नुसता घरी बसला, कोण भीतीने आला नाही, हे माणसागणिक सिद्ध करावे लागते. सरसकट नावांच्या यादीवर शिक्का मारणे म्हणजे न्याय नव्हे. दिल्लीच्या परिसरात राहणाऱ्यांना येथे मानेसरची आठवण होईल. १८ जुलै २०१२ च्या हिंसाचारात एका अधिकाऱ्याचा बळी गेला, त्यानंतर मारुती-सुझुकीने तेथील ५४६ कायम कामगारांना बडतर्फ केले. २०१७ मध्ये गुरगावच्या न्यायालयाने खटला चाललेल्या १४८ आरोपींपैकी ३१ जणांना दोषी ठरविले आणि ११७ जणांना निर्दोष सोडले. हिंसा भयंकर होती, हे कोणी नाकारणार नाही. फौजदारी खटल्यातून सुटल्याने नोकरी आपोआप परत मिळत नाही, हाही कायदा आहे; दोन्हीकडे पुराव्याची कसोटी वेगळी असते. परंतु दोष माणसागणिक तपासावा, हा १९७९ चा धडा किती आवश्यक आहे, ते या दोन आकड्यांतले अंतर सांगून जाते.

तिसरी गोष्ट लवादाच्या अधिकाराची. डिसेंबर १९७१ मध्ये अधिनियमात कलम ११-अ घालण्यात आले होते. तोपर्यंत बडतर्फीच्या प्रकरणांत न्यायाधिकरणाचे हात बांधलेले असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या इंडियन आयर्न अँड स्टील निकालानुसार चारच कारणांवरून त्याला हस्तक्षेप करता येई: व्यवस्थापनाचा हेतू शुद्ध नसणे, सूडबुद्धी किंवा अनुचित कामगार प्रथा, नैसर्गिक न्यायाचा भंग वा मूलभूत चूक, आणि पुराव्याला सोडून काढलेला निष्कर्ष. शिक्षा फार कडक आहे, एवढ्यावरून ती बदलता येत नसे. कलम ११-अ ने तो अधिकार दिला. पण कोणाला? कामगार न्यायालयाला, न्यायाधिकरणाला आणि राष्ट्रीय न्यायाधिकरणाला. लवादाचा उल्लेख कलमात नव्हता. बहुमताने 'न्यायाधिकरण' या शब्दाचा व्यापक अर्थ लावून लवादालाही त्यात सामावून घेतले. न्या. कोशल यांना ते पटले नाही. कायद्यात न लिहिलेला शब्द न्यायालयाने दोनास एक अशा मतांनी लिहिला, असे म्हणण्यास हरकत नाही. न्यायबुद्धीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण जे कलम दुरुस्त करणे संसदेला एका ओळीत शक्य होते, ते तिने पुढल्या ४५ वर्षांत केले नाही.

तपासणी किती खोल

निवाडा तपासता येतो, हे मान्य केल्यावर प्रश्न उरतो तो खोलीचा. उच्च न्यायालयाने पुरावा नव्याने तोलावयाचा काय? १९६३ च्या सय्यद याकूब प्रकरणात न्या. गजेंद्रगडकर यांनी घालून दिलेली रेषा आजही प्रमाण मानली जाते. न्यायाधिकरणाने अधिकारक्षेत्र ओलांडले असेल, नैसर्गिक न्याय डावलला असेल, किंवा कायद्याची चूक निर्णयाच्या कागदावर उघड दिसत असेल, तर हस्तक्षेप करावा. वस्तुस्थितीचा निष्कर्ष आपल्याला पटत नाही, एवढ्यावरून करू नये. पुरावाच नसताना काढलेला किंवा ग्राह्य पुरावा दृष्टिआड करून काढलेला निष्कर्ष मात्र कायद्याचीच चूक समजावा.

रेषा अशी सुबक असली तरी शिक्षेच्या प्रमाणाचा प्रश्न आला की न्यायालये तिच्या दोन्ही बाजूंना झुकलेली दिसतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्तान टिन वर्क्सच्या निकालात बेकायदा काढलेल्या कामगारास सर्वसाधारणपणे पूर्ण मागील वेतनासह परत घ्यावे, असे सूत्र सांगितले गेले. उदारीकरणानंतर, विशेषतः २००० ते २०१० या दशकात, वारे फिरले. २००५ मध्ये महिंद्र अँड महिंद्र प्रकरणात वरिष्ठास शिवीगाळ करणाऱ्या कामगाराची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि कलम ११-अ चा अधिकार अमर्याद नाही, असे बजावले. त्याच वर्षी पुण्याच्या भारत फोर्ज प्रकरणात कामाच्या जागी झोपलेला आढळलेल्या आणि पूर्वीही अशीच गैरवर्तने नोंदलेल्या कामगाराची बडतर्फी योग्य ठरली. २०१३ मध्ये महाराष्ट्रातीलच एका शिक्षिकेच्या प्रकरणात न्यायालय पुन्हा जुन्या सूत्राकडे वळले. चूक मालकाची असेल तर मागील वेतन हा नियम आणि ते नाकारणे हा अपवाद, असे त्या निकालाने सांगितले.

या झुकण्यावर टीका करणे सोपे आहे. पण त्यातून एक गोष्ट निष्पन्न होते. लवाद असो वा कामगार न्यायालय, पहिल्या पायरीवर मिळालेला न्याय पक्का समजून कोणालाच घरी जाता येत नाही. वर काय होईल, ते त्या दशकातल्या वाऱ्यावर अवलंबून असते. म्हणून ज्याच्या पदरी वकिलाची फी आणि वाट पाहण्याची ताकद आहे, तो वर जातोच.

वाट पाहण्याची किंमत

येथे तिसरा प्रश्न येतो. भारत फोर्जच्या प्रकरणातील घटना १९८३ ची आणि अंतिम निकाल २००५ चा. मधली २२ वर्षे निरनिराळ्या पातळ्यांवर निरनिराळे निर्णय लागत राहिले. अखेरीस कंपनी जिंकली, म्हणून कामगाराविषयी सहानुभूती नको, असे कोणी म्हणेल. पण २२ वर्षे टांगती तलवार कंपनीलाही परवडत नाही; आणि तेवढ्या काळाने कामगार जिंकता, तरी त्याला परत कोणत्या यंत्रावर उभे केले असते? अहमदाबादच्या प्रकरणात तुलनेने लवकर, सात वर्षांच्या आत निकाल लागला. तेवढ्या काळात शाळेत घातलेले मूल शिक्षण सोडून कामाला लागते.

पुनर्विलोकनाचा हक्क मालकाला आणि कामगाराला सारखाच आहे. त्याला लागणारा काळ मात्र दोघांना सारखा जात नाही. हे ओळखूनच संसदेने १९८२ मध्ये कलम १७-ब मंजूर केले आणि ऑगस्ट १९८४ पासून ते अमलात आले. निवाड्याने कामगारास परत घेण्याचा आदेश दिला आणि मालक त्याविरुद्ध उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला, तर प्रकरण चालू असेपर्यंत मालकाने कामगाराला शेवटच्या दराने पूर्ण वेतन द्यावे, अशी ही तरतूद. कामगाराने दुसरीकडे नोकरी करीत नसल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे. भारतीय कामगार कायद्यातील अत्यंत मानवी अशा कलमांपैकी हे एक होय.

परंतु त्यातही दोन उणिवा राहिल्या. 'शेवटचे वेतन' म्हणजे काढून टाकले त्या दिवशीचे वेतन, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने देना बँकेच्या प्रकरणात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लावला. शब्दांचा अर्थ पाहता तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण दहा-बारा वर्षांपूर्वीच्या पगारात आज घर चालत नाही, हे दिल्लीत भाड्याने राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. या कलमातही नावे आहेत ती कामगार न्यायालय, न्यायाधिकरण आणि राष्ट्रीय न्यायाधिकरण यांची. लवाद येथेही नाही.

याचा व्यावहारिक अर्थ काय, ते पाहावे. कामगार संघटनेपुढे दोन मार्ग आहेत. न्यायाधिकरणाचा मार्ग लांबचा, पण तेथे शिक्षा कमी करण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे आणि जिंकल्यावर मालक वर गेला तर वेतनाची तरतूद आहे. लवादाचा मार्ग जवळचा, पण तेथे पहिला अधिकार न्यायालयाच्या अर्थनिर्णयावर टेकलेला आणि वेतनाची तरतूद अक्षरशः वाचली तर नाहीच. बडतर्फ माणसाच्या वतीने सल्ला देणारा जाणता पुढारी कोणता मार्ग निवडील? न्या. गजेंद्रगडकर यांच्याच अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात, स्वेच्छेचा लवाद आपल्याकडे का रुजला नाही, याची कारणे दिली होती. न्यायालयीन निर्णयाची सहज उपलब्धता, उभय पक्षांचा विश्वास असलेल्या लवादांची वाण, निवाड्याविरुद्ध अपील नसणे, ही त्यांतली काही. त्यानंतर आलेल्या संरक्षणांमध्येही लवादाला वगळून कायद्याने त्या यादीत स्वतःची भर घातली.

नियुक्तिपत्रातला लवाद

सरकारी सेवेतील वाचकांना हे सारे परके वाटण्याचा संभव आहे. त्यांना अनुच्छेद ३११ चे कवच आहे, खातेनिहाय चौकशीचे नियम आहेत, आणि १९८५ पासून केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. पण त्यांचीही कथा निराळी नाही. न्यायाधिकरणाचा शब्द उच्च न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा प्रयत्न तेथेही झाला आणि मार्च १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार निकालाने तो मोडून काढला. उच्च न्यायालयाचा पुनर्विलोकनाचा अधिकार हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, असे सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले. अनेक अधिकाऱ्यांना त्या निकालाने हात दिला आहे. जे कवच स्वतःला हवेसे वाटते, ते कारखान्यातील कामगाराला मिळाले तर उद्योगांची शिस्त बिघडते, हा युक्तिवाद म्हणूनच टिकणारा नाही.

नोकरीच्या निमित्ताने गुरगाव, नोएडा, बंगळूर, हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या तरुण मराठी माणसांचा प्रश्न याहून वेगळा आहे. त्यांच्या नियुक्तिपत्राच्या शेवटच्या पानावर लवादाचे एक कलम असते. ते सहसा कोणी वाचत नाही. हा लवाद कामगार कायद्यातला नव्हे. तो १९९६ च्या लवाद व समेट कायद्याखालचा असतो. तेथे निवाड्याला आव्हान कलम ३४ खाली, अगदी मोजक्या कारणांवरून देता येते, आणि २०१५ च्या दुरुस्तीने ती कारणे आणखी आवळली आहेत. शिवाय व्यक्तिगत सेवेचा करार सक्तीने अमलात आणता येत नाही, या तत्त्वामुळे तेथे परत नोकरी मिळण्याची आशा सहसा धरता येत नाही. पदरी पडते ती भरपाई.

यावर दोन आधार आहेत. पहिला मुंबई उच्च न्यायालयाचा. किंगफिशर एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या थकलेल्या वेतनाच्या प्रकरणात २०१२ मध्ये त्या न्यायालयाने ठरविले, की ज्या वादांसाठी कामगार कायद्याने खास न्यायमंच दिले आहेत, ते करारातील कलम पुढे करून खासगी लवादाकडे नेता येत नाहीत. दुसरा आधार सर्वोच्च न्यायालयाचा. वादाच्या निकालात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकट्यानेच एकमेव लवाद नेमण्यास २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालाने मनाई केली. पण पहिला आधार उपयोगी पडतो तो कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या 'कामगारा'लाच. व्यवस्थापकीय हुद्द्यावरील माणूस त्या व्याख्येबाहेर असतो. हुद्दा मोठा आणि संरक्षण कमी, ही विसंगती नोकरी जाईपर्यंत ध्यानात येत नाही.

संहितेने काय साधले

नव्या संहितेने कामगार न्यायालये आणि जुनी न्यायाधिकरणे यांच्याऐवजी एकच औद्योगिक न्यायाधिकरण योजले आहे. त्यात एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य असून बडतर्फीची प्रकरणे दोघांच्या पीठाने ऐकावयाची आहेत. प्रशासकीय सदस्य ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्यांच्या श्रेणीतून येणार. म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांपैकी कोणी निवृत्तीनंतर त्या आसनावर बसूही शकेल. सरकारी उपक्रमातील बडतर्फी त्याच्यासमोर येईल, तेव्हा त्याची दृष्टी मालकाची राहील की न्यायाधीशाची, यावर उच्च न्यायालयांना बारकाईने लक्ष ठेवावे लागणार आहे. बडतर्फीविरुद्ध कामगाराने स्वतः दाद मागण्याची मुदत पूर्वी तीन वर्षे होती. ती आता दोन वर्षांवर आली आहे. परगावाहून आलेल्या, संघटनेचा आधार नसलेल्या माणसाला हे एक वर्ष लहान नाही.

जमेच्या बाजूला हे मान्य केले पाहिजे, की शिक्षा कमी करण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार संहितेत टिकला आहे, प्रकरण वरच्या न्यायालयात असताना वेतन देण्याची तरतूद टिकली आहे आणि स्वेच्छेचा लवादही टिकला आहे. परंतु पहिल्या दोन तरतुदींची शब्दरचना जुन्याच वळणाची राहिली. अधिकार आणि वेतन यांचा संबंध न्यायाधिकरणाच्या निवाड्याशी; लवाद पुन्हा बाहेर. १९७९ च्या बहुमताने भरलेली फट नव्या कायद्यात नव्याने उघडी पडली आहे. 'न्यायाधिकरण' या शब्दात लवाद येतो की नाही, हा वाद नव्या व्याख्यांच्या आधारे कोणीतरी मालक उच्च न्यायालयात पुन्हा उपस्थित करणार आणि त्याच्या निकालासाठी कोणीतरी कामगार पुन्हा काही वर्षे थांबणार.

हे टाळण्यासाठी मोठी क्रांती नको आहे. दोन्ही कलमांत 'लवाद' हा एक शब्द घालावा. प्रकरण प्रलंबित असताना द्यावयाचे वेतन काढले त्या दिवसाचे न धरता त्या पदाच्या चालू दराने धरावे. आणि परत घेण्याच्या आदेशाविरुद्ध आलेल्या याचिका उच्च न्यायालयांनी आपल्या नियमांनुसार ठराविक मुदतीच्या स्वतंत्र सूचीवर घ्याव्यात. यांतील पहिल्या दोन गोष्टी संसदेच्या हातातल्या आहेत, तिसरी न्यायसंस्थेच्या. उद्योगांनाही यात तोटा नाही. लवादाकडे जाण्याची कामगाराची भीती गेली, तर वर्षानुवर्षे वकिलांची फी भरण्यापेक्षा काही महिन्यांत वाद मिटविणे त्यांच्याही सोयीचे आहे.

लवादाच्या निवाड्यावर न्यायालयाची नजर असावी, यात शंका नाही. दालमियानगर आणि अहमदाबाद येथील कामगारांना जो न्याय मिळाला, तो त्या नजरेमुळेच. पण त्या नजरेला लागणारा वेळ कोणाच्या खिशातून खर्ची पडतो, याचा हिशेब कायदा करणाऱ्यांनी मांडावयास हवा. तो मांडला गेला नाही, तर स्वेच्छेचा लवाद संहितेच्या पानांवर राहील आणि बडतर्फ झालेला माणूस पूर्वीप्रमाणे न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेची वाट पाहत बसेल.